ओढ्यातलं गवत आणि माझी सही

मंडळी, आज बारावीच्या मुलांना घेऊन आमच्या सोसायटीमागच्या ओढ्याचं पाणी तपासलं. वर, चिखल-गवत आहे तिथे, सांडपाण्यातलं नायट्रेट हळूहळू कमी होत होतं. खाली काँक्रीटच्या पट्ट्यात मात्र जेवढं शिरलं तेवढंच बाहेर पडलं.

खाडीकाठच्या मुर्धा गावच्या मासेवाल्या मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "गवत घान खायाचं, मास्तर. आता पानी थांबतच न्हाय, समदं आमच्या खाडीत."

"सर, काँक्रीट कोणी करायला लावलं?" एका मुलीने विचारलं.

डास होतात म्हणून सोसायटीने अर्ज दिला होता. त्यावर पहिली सही माझी. खरं ते सांगितलं.

"हे निष्कर्षात लिहू?"

लिही म्हटलं. म्हणून इथेही लिहितोय. तुमच्या सोसायटीत असा अर्ज फिरतोय का?