शाफ्टवरचं टिंब

गॅरेजच्या जुन्या गोष्टी निघाल्या की मी सगळं सांगतो. फक्त महाळुंगे पडवळच्या पिकअपचा विषय आला की पाणी प्यायला उठतो. इतकी वर्षं हेच केलं. घरच्यांना वाटतं, त्या अपघाताचं मला दुःख आहे. दुःख आहेच. पण उठायचं कारण वेगळं आहे, आणि ते माहीत असलेला दुसरा माणूस आता राहिलेला नाही. म्हणून लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वारूळवाडीत हायवेच्या कडेला माझं गॅरेज होतं. नारायणगावला टोमॅटोचा बाजार वाढत होता आणि जो तो पिकअपची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वाढवून घेत होता, मागं क्रेटची आणखी एक रांग बसावी म्हणून. चासी वाढली की गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारी शाफ्टही लांब लागते. एकच लांब नळी वेगात फिरली की मधल्या मधे दोरीसारखी झुलते आणि गाडी थरथरते. त्यावर उपाय एकच, एका शाफ्टच्या जागी दोन तुकड्यांची शाफ्ट, आणि मधे तिला चासीला टांगून धरणारं सेंटर बेअरिंग.

महाळुंग्याचा एक शेतकरी असंच काम घेऊन आला. माझ्याच वयाचा, बडबड्या, स्वतःची गाडी स्वतःच चालवणारा. मी जुनी शाफ्ट उतरवली आणि जुन्नरला मिस्त्रींकडं नेली.

हे मिस्त्री म्हणजे जुन्नरच्या पेठेत वडिलांच्या वेळचा लेथ चालवणारे एक मुसलमान कारागीर. तालुक्यात कुणाचीही शाफ्ट बिघडली की त्यांच्याच दाराशी यायची. बोलणं कमी. नळी कापून, सरळ करून, दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून झाले की ते जोडाच्या दोन्ही बाजूंना पंचनं एकेक टिंब मारायचे. हे तुकडे दात्यांवर एकमेकांत सरकतात. ते कसेही बसतात, पण दोन्हीकडचे योक, म्हणजे टोकाचे सांधा धरणारे दुबोटी कान, एका रेषेत आले तरच शाफ्ट शांत फिरते. टिंबासमोर टिंब आलं की रेषा आलीच. शाफ्ट माझ्या हातात देताना मिस्त्री त्या टिंबांवरून अंगठा फिरवायचे आणि दर वेळी तेच सांगायचे, "भाऊ, ह्याच्यावर बोट ठेवल्याबिगर बोल्ट आवळू नका."

मी दर वेळी मान हलवायचो.

गाडी द्यायच्या दिवशी दुपारी साडेबाराला अमावस्या लागत होती. महाळुंगेकर सकाळीच नारळ आणि पेढे घेऊन टायरवर येऊन बसला होता. अमावस्या लागायच्या आत नारळ फोडून गाडी बाहेर काढायची, असा त्याचा हट्ट.

गाडीखालच्या खड्ड्यातून मी म्हणालो, "गाडी आणलीस का नवरी? मुहूर्त काय काढतोस?"

"नवरी रुसली तर म्हायेरी जाती राव. गाडी रुसली तर मलाच ढकलाया लागती."

बेअरिंगच्या ब्रॅकेटचं भोक चासीच्या भोकाशी जुळेना. म्हणून मला शाफ्टचे दोन तुकडे पुन्हा वेगळे करावे लागले. भोक मोठं केलं, दात्यांना ग्रीस लावलं आणि तुकडे परत एकात एक सरकवले. टिंबं ग्रीसखाली गेली. पुसायची चिंधी खड्ड्याच्या काठावर पडली होती. वर चढून ती घ्यायची, एवढंच काम होतं. वरून तो घड्याळ बघून वेळ सांगत होता. मी योककडं डोळ्यानं पाहिलं, सरळ वाटले, बोल्ट आवळले. सव्वाबारा वाजून गेल्यावर नारळ फुटला. पेढा मीही खाल्ला.

पाच-सहा दिवसांनी बाजाराला जाताना तो गॅरेजपुढं थांबला. इंजिन चालूच ठेवून खिडकीतून म्हणाला, "चाळीसच्या म्होरं घुमतीय बग. पोटात कोन कण्हल्यावानी."

मला त्याच क्षणी ती चिंधी आठवली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्यापुढं दोन गाड्या उघडून पडल्या होत्या, आणि याची गाडी खड्ड्यावर घेऊन बघावी तर चूक निघाली असती, ती त्याच्यासमोर. मी म्हणालो, "नवी हाय. बसंल आपोआप."

"तू म्हन्तोस म्हंजी बसंल," म्हणून तो गेला.

पुढच्या आठवड्यात, क्रेट उतरवून रिकामी गाडी घरी नेताना, गावच्या फाट्याअलीकडच्या उतारावर बेअरिंगचं ब्रॅकेट हादरे खाऊन तुटलं. लोंबकळलेल्या शाफ्टनं फिरता फिरता ब्रेकचा पाइप तोडला. गाडी बाभळीवर गेली. तो वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली चेचला तो चेचलाच. त्यानंतर गाडी त्यानं चालवली नाही.

मोडकी गाडी ओढून माझ्याच दारात आणली. दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ आणि गावची चार माणसं बघायला येणार होती. मिस्त्रींनाही निरोप गेला होता. मी त्याआधीच गाडीखाली शिरलो आणि या वेळी चिंधी घेऊन शिरलो. जोड पुसला. एक टिंब इथं, तर दुसरं दोन दाते पलीकडं.

मी कानस घेतली. दुसरं टिंब खोल होतं, ते घासून काढायला बराच वेळ लागला. कानशीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मधे मधे थांबत होतो. मग त्या जागेवर ग्रीस फासलं.

सकाळी सगळे जमले. मिस्त्री जुन्नरहून शेअर जीपनं आले. थोरल्या भावानं विचारलं, चूक कुणाची. मी आधीच ठरवलेलं बोललो, "एका बाजूला टिंबच नव्हतं. मी जुळवायचं कशाशी?"

मिस्त्री गाडीखाली गेले. मीही शेजारी वाकलो. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं जोड पुसला आणि अंगठा फिरवला. पहिलं टिंब लागलं. अंगठा दुसऱ्या तुकड्यावर गेला, पुढं सरकला, मग मागं आला आणि एका जागी थांबला. कानशीच्या रेघा डोळ्यांना कदाचित दिसल्या नसत्या. पण त्या अंगठ्याला कळल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

बाहेर येऊन ते म्हणाले, "राहिलं आसंल माझ्याकडून. वय झालं."

"तुमचं राहिलं, आन आमच्या भावाचा पाय गेला," थोरला म्हणाला.

मिस्त्रींनी हात जोडले. मी चहाचं विचारलं, तर म्हणाले, "नगं भाऊ. जीप जाईल."

ते तसं का बोलले, यावर मी पुष्कळ विचार केला. एका बाजूला माझ्या ओळखीची गावची माणसं, दुसरीकडं ते एकटे. कोण ऐकणार, असं त्यांनी मनात धरलं असेल. किंवा मला वाचवलं असेल. दुसरं खरं असेल तर ते मला जास्त जड जातं.

शाफ्टची कामं त्यांच्याकडं जायची थांबली. लोक मंचरला जाऊ लागले. मीही जाऊ लागलो, कारण त्या दारात उभं राहायची छाती नव्हती. वर्षभरानं एकदा गेलो, पंपाचा एक बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी पितळी कडी, करून घ्यायचं निमित्त काढून. पूर्वी ज्या भिंतीला शाफ्टची रांग लागायची तिथं उसाच्या चरकाचे दोन रोलर पडलेले. त्यांनी बुश करून दिला. देण्याआधी पंच घेऊन त्यावर एक टिंब मारलं. बुशला टिंबाची काही गरज नसते. मी विचारलं, हे कशाला. "सवय," म्हणाले, आणि अंगठा फिरवून बुश माझ्या हातात ठेवला.

तो बुश मी पंपात बसवला नाही. माझ्याकडंच आहे.

नंतर गॅरेज माझ्या मुलानं बंद केलं. पण पिकअप घरावरून गेली की मी अजून कान देतो. पंखा जुना झाला, जरासा घुमायला लागला, तेव्हा मी तो काढून टाकायला लावला. उन्हाळा होता, घरचे चिडले. कण्हल्यासारखा आवाज येतो, एवढंच सांगितलं.

मिस्त्री आजारी असल्याचं कळलं तेव्हा दोन हजार सालही मागं पडलं होतं. मी नारायणगावहून जीपमधे बसलो आणि जुन्नरपर्यंत मनात वाक्यं घोकत राहिलो. ते खाटेवर होते, खूप वाळलेले. मला ओळखलं. त्यांची दोन्ही मोठी मुलं शेजारी बसली होती. बापाच्या हातून चूक झाली असं इतकी वर्षं लोकांकडून ऐकत आलेली मुलं. खरं तर त्यांच्यापुढंच बोलायला हवं होतं. मी टोमॅटोच्या बाजाराबद्दल बोललो. निघताना मिस्त्रींनी विचारलं, "काही काम व्हतं का भाऊ?"

"न्हाई. सहज आलो व्हतो."

महिन्याभरात ते गेल्याचं कळलं. जीपमधे घोकलेली वाक्यं फार नव्हती. मिस्त्री, टिंब दोन्हीकडं होतं. मी ते न बघता बोल्ट आवळले, आणि नंतर कानशीनं घासून काढलं. तुमच्याकडून काही राहिलं नव्हतं. मला माफ करा.