हिरव्या खड्याची टिकली

शाळेतली मारहाण कशी थांबवावी, यावर मी संशोधन करते. आणि त्याच कामात एका मुलीला माझ्यामुळे शिक्षा झाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याविषयी कुणाचा चांगला समज व्हायला नको.

सोलापुरात आमची लहानशी संस्था आहे. प्रमुख मॅडम, मी, आणि दोन वर्षांपूर्वी आलेली ती. मी तिथं नऊ वर्षं, पीएच.डी. झालेली, शहरातच जुळे सोलापूर भागात राहणारी, स्कूटरवर येणारी. ती कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मैंदर्गीची, नुसती एम.ए., रोज एसटीनं येऊन-जाऊन करणारी. मला ती 'ताई' म्हणायची. प्रश्नावली कशी भरून घ्यायची, हे तिला मीच शिकवलं. ती पहिल्या आठवड्यात सारखी चुकायची तेव्हा मला ती फार आवडायची.

आमची कामाची पद्धत सोपी आहे. मुलांकडून मोठ्या कागदावर त्यांच्या शाळेचा नकाशा काढून घ्यायचा. मग एकेका मुलाला एकटं बोलवायचं आणि सांगायचं, शाळेत जिथं तुला भीती वाटते तिथं एक ठिपका चिकटव. कुणी कुठं चिकटवला हे कुणाला कळणार नाही आणि नकाशा शाळेतल्या कुणालाही दाखवणार नाही, असा शब्द आम्ही मुलांना देतो. सगळं काम या एका शब्दावर उभं असतं.

माझ्या वाट्याला शहरातल्या शाळा होत्या. माझे नकाशे स्वच्छ यायचे. प्रश्नावलीतही 'कुणी मारतं का?' यापुढे ओळीनं 'कधीच नाही'. माझ्या कागदांवर विश्वास ठेवला तर सोलापुरात कित्येक वर्षांत एकाही पोराला साधी चापट बसलेली नव्हती. याचं कारण मला ठाऊक होतं. वर्गशिक्षक मागं खुर्ची टाकून बसलेले असायचे, आणि त्यांना मीच बसवून घ्यायचे, कारण ते उठून गेले की मुलं माझं डोकं खायची. शिस्तीवर प्रबंध लिहिलेल्या बाईला चाळीस पोरं आवरत नव्हती. हे मी मॅडमना कधी सांगितलं नाही.

तिला अक्कलकोट तालुक्यातली शाळा मिळाली. जायच्या आदल्या दिवशी तिनं रंगीत ठिपक्यांचं पाकीट मागितलं. कपाटात एकच उरलं होतं. मला ते त्या आठवड्यात लागणार नव्हतं. तरी मी म्हटलं, "मला लागणार आहे, तू बघ काहीतरी."

"न्हाय तर न्हाय, ताई. करते की कायतरी," असं म्हणून ती हसत गेली. मला वाटलं होतं, निदान तोंड तरी पाडेल.

तिनं मुलांना घरून एकेक टिकली आणायला सांगितली. मुलींनी आपल्या आणल्या, पोरांनी आईच्या आणि बहिणींच्या. शिक्षकांना तिनं गोड बोलून बाहेर काढलं आणि स्वतः फरशीवर मांडी घालून बसली. येईल त्या मुलाला कन्नडमध्ये म्हणायची, "अंजब्याड." घाबरू नकोस. तिनं आणलेला नकाशा आमच्या ऑफिसच्या टेबलावर उलगडला तेव्हा आम्ही बघतच राहिलो. एका कोपऱ्यात खेळाच्या सामानाची खोली काढलेली होती. न्हाणीघरातल्या आरशावर चिकटवलेल्या असतात तशा त्या खोलीवर टिकल्या दाटल्या होत्या. लाल, मरून, चमकीच्या, एक लांबुळकी, मधे हिरवा खडा असलेली.

मॅडम म्हणाल्या, "नऊ वर्षांत असा नकाशा आला नव्हता."

ती नऊ वर्षं माझी होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडम पुढं म्हणाल्या, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर सगळ्या शाळांच्या कामाची मांडणी यंदा हिलाच करू दे. दर वर्षी ती मी करत होते. त्या दिवशी मी घरी जाऊन भाजी करपवली आणि नवऱ्यावर खेकसले. पाकीट दिलं असतं तर तिचेही साधे गोल ठिपके आले असते, टिकल्यांचं कौतुक झालं नसतं, हाच हिशेब मनात घोळत राहिला. माझ्याच कोतेपणानं तिचं नाव झालं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कळत होतं, पण कळून पोटातलं दुखणं थांबत नाही.

पुढच्या आठवड्यात त्या शाळेच्या एका पत्रावर मुख्याध्यापकांची सही राहिली असल्याचं निघालं. मी म्हटलं, "मी जाऊन येते." ती म्हणाली, "तुमी कशाला एवढ्या लांब, ताई? मी जाते की." मी ऐकलं नाही. निघताना कपाटातला नकाशा गुंडाळून सोबत घेतला.

का घेतला, तेही सांगते. नकाशा बघून मुख्याध्यापक भडकतील, मॅडमना फोन करतील, तुमच्या बाईनं आमच्या पोरांच्या डोक्यात काय भरवलं असं विचारतील, आणि मॅडमचं तिच्यावरचं मन उडेल. माझी एवढीच इच्छा होती. शब्द मोडतेय, हे मला माहीत होतं. पण त्या शब्दाच्या पलीकडे मुलं आहेत, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

टिकली म्हणजे भीतीची जागा, हे मी समजावून सांगितलं, पण मुख्याध्यापक भडकले नाहीत. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, चहा मागवला आणि पीटीच्या सरांना हाक मारली. "बगा ओ सर, तुमच्या खोलीला लई मान हाय."

सर वाकून बघत राहिले. मला म्हणाले, "मारत न्हाय ओ मॅडम आमी. कायदा हाय की आता. जरा अंगठे धरायला लावतो, एवढंच." मग त्यांनी लांबुळक्या टिकलीवर बोट ठेवलं. हिरवा खडा नखानं टोकरला. "ही बगितलीय मी. सातवीत हाय." आणि ते बाहेर गेले.

खिडकीतून मैदान दिसत होतं. थोड्या वेळानं एक मुलगी आली. दोन वेण्या, कपाळावर भस्माचे पट्टे पुसट झालेले आणि त्यांच्या खाली तसलीच हिरव्या खड्याची टिकली. उन्हात मधोमध जाऊन ती वाकली आणि तिनं पायाचे अंगठे धरले. तिला कुणी हात लावला नाही. तिच्या वेण्या धुळीत टेकल्या होत्या.

मी उठायला हवं होतं. काय म्हणून उठू, हेच कळेना. नकाशा मीच आणला होता. मी चहा प्यायले, सही घेतली, नकाशा गुंडाळला. बाहेर पडताना मैदानाच्या कडेकडेनं गेले.

ऑफिसात आल्यावर मी नकाशा कुणाच्या नकळत परत कपाटात ठेवला.

पंधरा दिवसांनी त्या शाळेची दुसरी फेरी होती. मॅडम म्हणाल्या, दोघी जा. ती नेहमीसारखी फरशीवर बसली. मुलं आली. 'अंजब्याड' म्हणून झालं, दोनदा झालं. कुणी वर बघेना. नवा कागद पसरला, टिकल्या मागितल्या, तर कुणीच आणलेली नव्हती. मग मला दिसलं की सातवीतल्या एकाही मुलीच्या कपाळावर टिकली नव्हती. भस्म होतं, कुंकू होतं, टिकली कुणाचीच नाही. नाइलाजानं तिनं प्रश्नावली वाटली. सगळ्यांनी मुकाट्यानं भरून दिली.

एसटीत तिनं ते कागद मांडीवर घेतले आणि एकेक उलटत गेली. "सगळ्यांनी 'कधीच नाही' लिवलंय," ती म्हणाली. "आज माजं उत्तर तुमच्यासारखंच आलं की, ताई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिचा तो स्वभावच नाही. तिच्या बरोबरीला यावं म्हणून मी जळत होते, आणि आता आम्ही दोघी एका पायरीवर बसलो होतो. मला एवढंसुद्धा सुख झालं नाही. अक्कलकोटचा स्टँड आला, गाडी रिकामी झाली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पाकिटापासून सांगितलं.

ती मला बोलेल, रडेल, मॅडमना फोन लावेल, असं वाटलं होतं. लावला असता तर बरं झालं असतं. तिनं मांडीवरचे कागद जुळवून पिशवीत ठेवले. मग तिनं एकच विचारलं.

"किती वेळ उभी हुती ती?"

माझा चहा संपला तेव्हा ती वाकलेलीच होती, एवढंच मला माहीत होतं.