बघितलंस?

मंडळी, आज सकाळी पोलादपूरच्या माळावर रेडिओवर चालणारं नवं विमान पहिल्यांदा उडवलं. हातभर लांब, पण भलतंच सुसाट.

एरवी विमान फेकायला धाकटा भाऊ विजय असायचा. तो मुंबईला गिरणीत लागला. म्हणून आज डाव्या हातात रेडिओचा डबा धरून उजव्या हाताने मीच फेकलं. डोक्यावरून असं सणाणत गेलं, की मी सवयीने शेजारी वळून म्हणालो, "बघितलंस?"

शेजारी कोणीच नव्हतं. पुन्हा वर पाहिलं, तर आकाशही रिकामं. मग लांब गवतात धाडकन आवाज.

गवत कापणाऱ्या एक आजी मोडका पंख घेऊन आल्या. "एकलाच हायस काय रे?"

पंख काय, चिकटेल. पण "बघितलं" म्हणायला तुमच्यापैकी कोणी येईल का?