निम्मी जबाबदारी

माझ्या व्याह्यांइतक्या सौजन्याने शर्यतीची गाडी हाकणारा मनुष्य पृथ्वीवर दुसरा नसावा. पुण्याहून ते मुलीकडे, म्हणजे माझ्या सुनेकडे, इथे परदेशात मरीन परेडला राहायला आले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर दर रविवारी कार्टिंगच्या ट्रॅकवर जाऊ लागले. हेल्मेट स्वतःचे, एमआरटी मेट्रोत ते नातवंडासारखे मांडीवर घेऊन बसत. सिद्धान्त एकच: "ओव्हरटेक हे दोघांचे काम आहे. पुढच्याने हाताने बाजू दाखवायची, मागच्याने ती दिसेपर्यंत धीर धरायचा. निम्मी जबाबदारी त्याची, निम्मी आपली." हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, मागून कोणी ट्रे घेऊन आल्याची चाहूल लागली, तरी ते न वळता हात उजवीकडे करीत. लोक निमूटपणे उजवीकडून जात.

ट्रॅकवर मात्र ऐन वळणावर स्टिअरिंग सोडून बाजू दाखवल्याबद्दल त्यांना एकदा ताकीद मिळाली होती. सुनेने बजावले, "आप्पा, आणखी एक ताकीद आली, की कार्टिंग बंद."

पुढच्याच रविवारी त्यांनी आग्रहाने मलाही गाडीत बसवले. दुर्दैवाने माझी गाडी अधिक पळणारी निघाली. सरळ पट्ट्यावर मी त्यांच्या मागे पोचलो. त्यांनी हात डावीकडे केला. आता मी मुलाचा बाप असलो, तरी वयाने धाकटा. त्यांना मागे टाकून जाणे मला प्रशस्त वाटेना. मी तळहात पुढे करून सुचवले, आधी आपण. त्यांनी वेग कमी केला, मीही केला. ते मान हलवीत, मी हात हलवीत, असे करता करता दोन्ही गाड्या भर ट्रॅकवर थांबल्या. मागच्या तिघांनी कचकन ब्रेक लावले. झेंडेवाला धावत आला. "अंकल, धिस इज रेस ट्रॅक लाह, नॉट टी पार्टी!"

ताकीद त्यांच्या नावावर गेली. मी सुनेला सांगितले, "निम्मी चूक माझी आहे."

"असेल, बाबा," ती म्हणाली. "उरलेली निम्मी आप्पांचीच ना?"

हेल्मेट स्टोअररूममध्ये गेले. व्याह्यांनी मला शब्दानेही दोष दिला नाही.

आता आम्ही सकाळी समुद्राकाठच्या वाटेवर फिरतो. त्यांची चाल मंदावली आहे. माझी पावले जवळ आली, की ते मागे न पाहता हात डावीकडे करतात. मी ताबडतोब पुढे जातो. पुढच्या बाकापाशी थांबतो.