मागच्या दारापाशी बसणारे भोये सर

भोये सरांची आणि माझी पहिली भेट भांडणातून झाली. मी त्याच आठवड्यात नाशिक रोडच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले होते. दुपारी चारच्या सुमारास वाचनकक्षात असा खडखडाट झाला की कोणी फरशीवर खडीच ओतली असं वाटलं. पाहते तर फुटबॉलची मुलं, पायात तळाला टोकं असलेले स्टडचे बूट, पुढच्या दाराने आत शिरून मागच्या दाराने मैदानाकडे निघालेली. कपडे बदलायची खोली इमारतीच्या पुढच्या अंगाला, मैदान मागे, आणि वळशाच्या वाटेवर चिखल. त्यामुळे ही सोय त्यांनी परस्पर करून घेतली होती. मी उठले आणि म्हणाले, "इथून जायचं असेल तर बूट हातात घ्या, आणि दार ओलांडेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

मुलं हसली. त्यांच्यामागून आलेला, ठेंगणा, काटक, दाट मिशांचा माणूस मात्र हसला नाही. त्याने वाकून आधी स्वतःचे बूट काढले, नाड्यांची गाठ मारून ते गळ्यात अडकवले आणि अनवाणी, अजिबात आवाज न करता माझ्या टेबलासमोरून गेला. ते क्रीडाशिक्षक भोये सर.

त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. आपल्या मैदानावर सामना असला की आमचा संघ अजून तसाच उतरतो. गळ्यात बूट, एकामागे एक सोळा मुलं, अनवाणी, मुकी. वाचत बसलेली मुलं पानावर बोट ठेवून थांबतात. मागच्या दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत. तिथे बसून बूट घालायचे, आणि पहिलं पाऊल मैदानाच्या मातीला लागलं की बाहेरच्या गर्दीने टाळ्या सुरू करायच्या. एकदा पहिल्या वर्षाच्या एका मुलाने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं, की ही प्रथा कॉलेजच्या संस्थापकांनी घालून दिली आहे. मी मान डोलावली. तो गेल्यावर सर म्हणाले, "बघा बाई, तुमच्या एका दिवसाच्या रागाची परंपरा झाली." सगळं कॉलेज मला मॅडम म्हणतं. बाई म्हणणारे ते एकटेच.

या शांततेचा उपयोग मात्र त्यांनी शोधून काढला. मागच्या दाराशेजारी एक लाकडी खुर्ची होती. सामन्याच्या दिवशी ते तिथे आधीच येऊन बसत आणि डोळे मिटून घेत. प्रत्येक मुलगा खुर्चीच्या हाताला बोटं लावून पुढे जाई. सर फरशीवरची पावलं ऐकत. एका वर्षी आमचा सगळ्यात चांगला खेळाडू दारापर्यंत पोचला आणि सरांचा हात आडवा झाला. "उजवा घोटा," ते डोळे न उघडता म्हणाले. मुलगा शपथा घेऊ लागला, काही झालेलं नाही म्हणाला. सरांनी त्याचा मोजा खाली केला. घोट्यावर लिंबाएवढी सूज आली होती. मुलाला बाकावर बसवलं, सामना आम्ही हरलो, आणि सरांना त्याचं काही वाटलं नाही. "तोंडाला खोटं बोलता येतं. पायाला नाय येत," एवढंच म्हणाले. मुलांनी त्यांचं नाव एक्स-रे ठेवलं. ते त्यांना ठाऊक होतं.

ते सुरगाण्याकडच्या डोंगरातले. लहानपणी आईवडिलांबरोबर द्राक्षाच्या हंगामात निफाडला कामाला येत. मळ्यात पाचटाच्या झोपडीत झोपलं की बाहेरून कोण चाललंय हे पावलावरून ओळखायची त्यांना सवय लागली. "मालक आला का आई आली, ते आधी कळलेलं बरं असतं," असं ते हसत सांगत. मी विचारलं होतं, आईचं पाऊल कसं होतं? ते म्हणाले, "थकलेलं. पण झोपडीपाशी आली की मुद्दाम जोरात टाकायची. आम्ही घाबरू नाय म्हणून."

शेवटचा मुलगा बाहेर पडला की सर डोळे उघडत, माझ्याकडे वळत आणि म्हणत, "बोला बाई, आता बोला." मग मी काहीतरी बोलायची. बहुतेक वेळा काही बोलायचं नसायचंच. मी म्हणे, "आज ऊन फार आहे." ते म्हणत, "एवढं मनात धरून बसला होता?" आणि बूट घालायला पायऱ्यांवर जात.

पुस्तकांशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर ते पुढच्या दारातून येताना मधेच विश्वकोशाच्या कपाटाशी थांबू लागले, तेव्हा मला मनातून आनंद झाला. एक हात कपाटावर टेकून ते पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत उभे राहत. मिनिटभर, कधी दोन मिनिटं. मी एकदा म्हटलं, "काढून देऊ का एखादा खंड?" ते म्हणाले, "नको, नावं वाचतोय." मी घरी जाऊन यजमानांना सांगितलं, अठरा वर्षांनी का होईना, भोये सरांना वाचनाची गोडी लागली.

तीन महिन्यांपूर्वीचा तो सामना. सर नेहमीपेक्षा लवकर आले. कपाटाशी थांबले, मग खुर्चीत जाऊन बसले. मी विचारलं, "पाणी देऊ?" त्यांनी मान हलवली, "राहू द्या बाई." डोळे मिटले. मी पुस्तकांना क्रमांक घालत बसले. अर्ध्या तासाने पुढचं दार उघडलं आणि मुलं आली.

इतक्या वर्षांनी मलाही थोडं ऐकू येऊ लागलं होतं. नववा मुलगा सागर. त्याचं पाऊल एकसारखं पडत नव्हतं. एक पडायचं, दुसरं जरा घासत यायचं. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि सरांच्या हाताकडे पाहिलं. आता तो आडवा होईल. सागर खुर्चीशी पोचला, त्याने क्षणभर वाट पाहिली, खुर्चीच्या हाताला बोटं लावली आणि बाहेर गेला. सरांचा हात हलला नाही.

मी अर्धवट उठले होते. सरांकडून चूक होत नसते, हे मला माहीत होतं. आणि दार ओलांडेपर्यंत कोणी बोलायचं नसतं, हेही माहीत होतं, कारण तो नियम माझाच. मी पुन्हा खाली बसले. उरलेली सात मुलं गेली. दार लागलं. बाहेर टाळ्या सुरू झाल्या. मी सरांच्या त्या वाक्याची वाट पाहत राहिले.

किती वेळ पाहिली ते मला सांगता येत नाही. मग मी त्यांच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "सर." तेसुद्धा हळू आवाजात, वाचणाऱ्यांना त्रास होऊ नये अशा. दुसऱ्यांदा हाक मारून मी त्यांच्या हाताला हात लावला, आणि तो थंड होता.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी पायऱ्यांवर उभी होते आणि मला ओरडता येत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी कधी आवाज चढवला नव्हता, ऐन वेळी तो आलाच नाही. मी चपला घालून तशीच मैदानात चालत गेले. पंचांनी शिट्टी वाजवली. कोणीतरी म्हणालं, "अहो मॅडम, बाजूला व्हा." कर्णधाराने माझा चेहरा पाहिला आणि तो ग्रंथालयाकडे पळत सुटला. स्टडच्या बुटांनिशी.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय अचानक बंद पडलं, आणि त्याला बराच वेळ झाला होता. बहुधा मुलं यायच्या आधीच. त्यांनी विचारलं, "अलीकडे चालताना दम लागायचा का? मधेच थांबायचे का?" माझ्या डोळ्यांपुढे विश्वकोशाचं कपाट आलं. मी "हो" म्हणाले.

व्हरांड्यात सागर पाय पसरून बसला होता. घोटा आता चांगलाच सुजला होता. तो कोणाकडेही न पाहता म्हणाला, "मला वाटलं, सरांनी आज मला जाऊ दिलं. मी खूश झालो होतो, मॅडम." मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. सोळा मुलं आणि मी, सतरा माणसं त्यांच्याजवळ होतो. प्रत्येकाने शिस्त पाळली.

परवा आपल्या मैदानावर त्यानंतरचा पहिला सामना होता. खुर्चीवर हार घातलेला फोटो ठेवावा असं ऑफिसातून सुचवलं गेलं. मुलांना ते रुचलं नाही. कर्णधार येऊन म्हणाला, "मॅडम, खुर्चीत तुम्ही बसा. त्यांच्याखालोखाल तुम्हीच ऐकलंय." मी म्हणाले, "मला त्यांच्यासारखं ऐकू येत नाही रे." तो जाईना. शेवटी मी म्हणाले, बसते, पण गप्प राहायचा नियम मी मोडते आहे. प्रत्येकाने खुर्चीशी थांबायचं, कसा आहेस ते तोंडाने सांगायचं, आणि खुर्चीतल्या माणसालाही विचारायचं. उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मी डोळे मिटले नाहीत. मुलं एकेक करून आली. पहिल्यांदा त्यांना अवघड झालं, वाचनकक्षात बोलायला जीभच वळत नव्हती. "बरा आहे मॅडम. तुम्ही?" "बरी आहे." "मस्त आहे. तुम्ही बऱ्या आहात ना?" "हो, बरी आहे." असे पंधरा जण गेले. पंधरा वेळा मी तेच उत्तर दिलं.

शेवटी सागर आला. बूट गळ्यात नव्हते. "घोटा अजून दुखतो," तो म्हणाला. "आज खेळत नाही मी. सांगितलंय कर्णधाराला." मग त्याने विचारलं, "आणि तुम्ही?"

तोंडात "बरी" आलं होतं. मी म्हणाले, "नाही रे. मी बरी नाही."

बाहेर टाळ्या सुरू झाल्या. सागर दाराकडे गेला नाही. त्याने भिंतीकडचं स्टूल ओढलं, खुर्चीशेजारी ठेवलं, आणि दुखरा पाय सांभाळत त्यावर बसला.

"बोला मॅडम," तो म्हणाला.