घड्याळवाले आजोबा बसमध्ये नव्हते

तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली म्हणून अख्खी वसाहत त्यांना कंडक्टरकाकू म्हणायची. निवृत्तीनंतर वसाहतीतल्या म्हाताऱ्यांची वार्षिक सहल त्यांनीच सुरू केली आणि अकरा वर्षं एकहाती चालवली. कुणाला गाडी लागते, कुणाला खिडकीच हवी, सगळं त्यांच्या वहीत असायचं.

बाराव्या वर्षी वसाहतीच्या मंडळाचा अध्यक्ष बदलला. नवा अध्यक्ष इलेक्ट्रिशियन. कामाला वाघ, पण समोरच्याचं ऐकून घेणं त्याला ठाऊक नव्हतं. बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाला, "काकू, आता सगळं मोबाईलवर. तुमची वही राहू द्या."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग करा तुमचं तुम्ही!" वही काखोटीला मारून त्या निघाल्या.

त्या वहीत एक ओळ होती: 'घड्याळवाले आजोबा. ऐकू येत नाही, मोबाईल नाही. मागच्या गल्लीतून हाताला धरून आणणे.'

सहलीच्या सकाळी काकू गॅलरीत उभ्या राहिल्या. खाली बस भरत होती. सवयीने त्यांनी डोकी मोजली. एक कमी. कोण, तेही त्यांना कळलं. फोन हातातच होता. 'कळू दे जरा त्याला,' असं मनात आलं आणि बस गेली. आजोबा कंटाळून घरी जातील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुपारी आजोबांची सून दारात आली. "सहल आज आहे एवढं सांगून मी कामावर गेले. बाबा तीन तास गल्लीच्या कोपऱ्यावर उभे होते हो. उन्हाने चक्कर येऊन पडले. उजवं मनगट मोडलंय."

पुढच्या बैठकीला काकू न बोलावता गेल्या. अध्यक्ष सांगत होता, "निरोप ग्रुपवर टाकला होता. ज्याने पाहिला नाही, त्याला आपण काय करणार?" माना हलत होत्या.

"मला माहीत होतं," काकू उभ्या राहून म्हणाल्या. "गॅलरीतून दिसलं होतं मला. रागाने गप्प बसले."

अध्यक्षाचा चेहरा एकदम मोकळा झाला. "झालं तर मग. चूक काकूंची. लिहून घ्या."

"आणि बसमध्ये डोकी कोणी मोजली?" मागून शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी विचारलं. अख्खी शाळा त्यांच्या हाताखालून गेली होती. अध्यक्ष मोबाईलकडे बघत राहिला.

घरी नवरा वैतागला. "कशाला अंगावर ओढून घेतलंस? कुणी नाव तरी घेतलं होतं का तुझं?"

काकू त्याच संध्याकाळी आजोबांकडे गेल्या. जे घडलं ते सगळं कागदावर लिहून समोर धरलं. आजोबांनी दोनदा वाचलं. प्लास्टरमधला हात मांडीवर होता.

"मला बसचं काही नव्हतं," ते म्हणाले. "मी तुमची वाट बघत होतो."



प्लास्टर निघालं, पण बोटांत बारीक स्क्रूड्रायव्हर काही ठरेना. आजोबांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान आवरलं. मंडळात दोन तट पडले आणि पुढच्या वर्षी सहल निघालीच नाही. काकू अजूनही दर आठवड्याला त्यांच्याकडे जातात. आजोबा दार उघडतात, बसा म्हणतात. त्यापुढे फारसं बोलत नाहीत.