तिसऱ्या हाकेची दीपमाला

आमच्या शाळेत दहावीच्या हजेरीला इतर वर्गांपेक्षा जास्त वेळ लागायचा. कारण एकटी दीपमाला. तिचं नाव तीनदा पुकारावं लागे. पहिल्या दोन हाकांना ती समोर बसून शांतपणे बघत राहायची. तिसरीला, "हजर!"

"ऐकू येत न्हाई का गं?" मी एकदा चिडून विचारलं.

"येतंय की सर. पण आई म्हन्ली, तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई. ते दोनदाच हाक मारतंय."

'ते' म्हणजे कोण, हे आष्टीकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. दिवेलागणीला ओळखीच्या आवाजात कुणीतरी नाव घेतं. ओ दिली की माणूस गेला. आईनं सांगितलं होतं ते दिवेलागणीपुरतं. दीपमालानं सकाळच्या हजेरीलाही लावून टाकलं.

तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. त्यांच्याबरोबर अर्धी गल्ली रिकामी व्हायची, दारोदार कुलपं. दीपमाला चुलतीच्या, मालनबाईच्या हवाली. पण मालनबाईला शेतातून यायला अंधार पडायचा. तेवढा वेळ पोरगी घरात एकटी.

"ही भ्यायली, की मी हिला आईकडं धाडणार," मालनबाईनं शाळेत येऊन बजावलं होतं. "परीक्षा गेली उडत."

"आम्ही हाव ना! बिलकुल काळजी करू नका," आम्ही एका सुरात म्हणालो, आणि काळजी घेतलीही. सालेहा मॅडम डब्यात तिच्यासाठी चपाती जास्तीची आणायच्या. शिपाई रामप्रसाद तिचा चार्जिंगचा दिवा ऑफिसात भरून द्यायचा. मी तिचे मराठीचे निबंध तपासायचो.

निरोप समारंभाला दीपमाला भाषणाला उभी राहिली, अर्थात तीनदा नाव पुकारल्यावर. चपातीचे आभार झाले, दिव्याचे झाले. निबंधांबद्दल ती थोडक्यात बोलली. मग म्हणाली, "आन् सगळ्यात मोठे आभार, रोज दिवेलागणीला दारावरून हाक मारतात त्यांचे. कधी आवाज सरांवानी वाटतो, कधी मॅडमवानी. तीनदा हाक मारून 'अभ्यास चालू हाय का?' इचारतात. मी आतूनच ओ देते. ती हाक हाय म्हणून मी भ्याले न्हाई."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मालनबाईनं पदरानं डोळे पुसले. मी सालेहा मॅडमकडं कौतुकानं पाहिलं. त्या माझ्याकडं कौतुकानं पाहत होत्या. मग आम्ही दोघांनी रामप्रसादकडं पाहिलं.

"म्या न्हाई बाप्पा," तो कुजबुजला. "त्या गल्लीत, दिवेलागणीला? माझे लेकरं लहान हायेत."

हेडमास्तर तर पाचच्या बसनं परतूरला जातात.

"तीनदा हाक मारतंय म्हंजे 'ते' न्हाई," रामप्रसादनं आम्हाला धीर दिला.

"मंग कोण?"

"कोन का असंना, चांगल्या घरचं दिसून राह्यलं."

हसू आलं, पण ओठांपर्यंत पोचलं नाही. हाक मारणारं आमच्यातलं कुणीच नाही, हे मालनबाईच्या कानावर गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पोरगी उसाच्या फडात असती आणि दहावी राहिली असती. ठरलं, कुणी तोंड उघडायचं नाही. आणि आजपासून खरंच हाक मारायला जायचं.

त्याच संध्याकाळी सालेहा मॅडम आणि मी गल्लीत शिरलो. कुलपं, वाळलेल्या तुळशी, एका ओट्यावर राहून गेलेली एकच चप्पल. भुंकायला कुत्रंसुद्धा नाही. दीपमालाच्या खिडकीत दिवा दिसला. मॅडम दारासमोर थांबल्या, त्यांनी श्वास घेतला, आणि आतून आवाज आला,

"हाव मॅडम, चालू हाय! भूमिती करून राह्यले!"

मॅडमचं तोंड अजून उघडलेलंच नव्हतं. गल्लीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आतली पोरगी निवांत होती. पेन्सिलीला टोक करत असल्याचं ऐकू येत होतं.

मॅडमनी हळूच पदर डोक्यावर घेतला. रिकाम्या गल्लीकडं तोंड केलं आणि नव्या सहकाऱ्याशी बोलावं तशा अदबीनं म्हणाल्या, "शुक्रिया. पेपर संपेपर्यंत येत जा."

मग आम्ही परतलो. पळालो असं लिहिणं शिक्षकाला शोभत नाही.

दीपमालानं सगळे पेपर दिले. मराठीला तर पुरवणीवर पुरवणी मागून घेतली म्हणे.